काचेपाशी वाहिलेल्या अक्षता

“पुन्हा गॅस भर,” गॅरेजमध्ये शिरतानाच अण्णांनी मिस्त्रीला फर्मावलं. दोनदा गॅस भरूनही सोळा वर्षं जुन्या गाडीचा एसी गार होत नव्हता, आणि उद्या अकोल्याला निघायचं होतं. मागच्या खेपेला सूनबाई केतकीचं सात महिन्यांचं बाळ उकाड्याने वाटेतच मलूल झालं होतं. तेव्हापासून ती गाडीच्या आवाजावरही कान ठेवून असे.

“अण्णा, गॅसचं नसेल,” ती सासऱ्यांना म्हणाली. “पंखा चारवर ठेवला की आवाज चारचा येतो, पण हवा एकचीच. मध्येच काहीतरी अडतंय.”

“झालं! आता सूनबाईच मिस्त्री.”

मिस्त्रीने मात्र मुकाट्याने डॅशबोर्डचा कप्पा उतरवून एसीचा फिल्टर ओढून काढला. त्यावर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या, अक्षता होत्या आणि अक्षतांच्या आशेने आलेल्या उंदराचं अख्खं बिऱ्हाड होतं. “काका, पूजेला हे पुढच्या काचेपाशी वाहता ना? तिथूनच हवा आत येते.”

दर दसऱ्याला गाडीची पूजा अण्णाच करत. केतकीने बाळाचं नाक ओढणीने झाकलं.

नवा फिल्टर बसला, हवा गार झाली. सकाळी निघताना अण्णा सवयीने ताम्हन घेऊन आले. बॉनेटला हळदकुंकू लावून झालं. अक्षतांची मूठ काचेकडे गेली, थबकली आणि खिडकीतून आत येऊन बाळाच्या डोक्यावर अलगद उघडली.

“इथं चालेल ना, मिस्त्रीबाई?” त्यांनी विचारलं.