नळावरची मुलगी

"वाकोल्याला?" कुंदाबाईंची पेन्सिल थांबली. "तू वाकोल्याला कधी होतीस गं?"

"लहानपणी, बाई. चार वर्षांची असताना."

कुंदाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी बिल्डिंगमधली मुलं निबंध घेऊन त्यांच्याकडेच येत. अपूर्वाचा निबंध मात्र शाळेचा नव्हता. दिल्लीजवळच्या एका कॉलेजचा फॉर्म होता. घरातल्या आयुष्यातून स्वतःची ओळख करून द्या, असं त्यात म्हटलं होतं. निबंध आवडला तर फी माफ होणार होती. नाहीतर जाण्याचा प्रश्नच नव्हता. मुदत उद्या दुपारपर्यंत. आधी मराठीत लिही, मनातलं नीट उतरू दे, मग इंग्रजी करू, असं बाईंनीच सांगितलं होतं.

आणि उतरलं होतंही झकास. चाळीचा नळ. सकाळची रांग. रांगेत एवढीशी कळशी घेऊन उभी असलेली चार वर्षांची मुलगी. एक दांडगा माणूस मध्येच घुसतो, तेव्हा ती त्याचा लेंगा ओढते आणि ओरडते, "ओ काका, नंबर लावा!" सगळी चाळ हसते. त्या दिवसापासून शेजारच्या शेवंतीमावशी तिला 'इन्स्पेक्टर' म्हणू लागतात. मी अशी आहे, असं अपूर्वाने पुढे लिहिलं होतं. शाळेत मॉनिटर झाले. ज्युनिअर कॉलेजात मुलींचं टॉयलेट महिनाभर बंद होतं, तेव्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसले. त्या सगळ्याची सुरुवात नळावर झाली.

"अगं, पण तुझं बारसं मी याच बिल्डिंगमध्ये जेवलेय," कुंदाबाई म्हणाल्या. "जोगेश्वरी सोडून तुम्ही कुठे गेलाच नाहीत. पाळणा मीच म्हटला होता. तुझी आई त्या दिवशी इतकी रडली की..."

बाईंचा आवाज खाली आला. वही मिटून त्यांनी अपूर्वाच्या हातात ठेवली.

"आईला विचार, बाळ. लिहिण्याचं मग बघू."

जिना चढताना अपूर्वाचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. शेवंतीमावशींच्या ओट्यावरून पडून तिला तिथे तीन टाके पडले होते. आईने कितीदा सांगितलं होतं. आरशासमोर उभी राहून अपूर्वाने ती खूण लहानपणी शोधली होती, मोठी झाल्यावरही शोधली होती. बुजली असेल, असं तिने धरून टाकलं होतं. आता तिने बोट पुन्हा फिरवलं. कातडी गुळगुळीत होती. आपण दुसऱ्याच कुणाचा चेहरा चाचपतोय, असं तिला वाटलं आणि तिने हात झटकन खाली घेतला.

बाबा मरोळच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले होते. आई, जानकी, ओट्याशी उभी राहून कोलंबी सोलत होती.

"आई, आपण जोगेश्वरीला कधी आलो?"

"तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी," मान वर न करता जानकी म्हणाली. मग तिचे हात थांबले.

"मग नळावर कोण होतं?"

खालून क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा ओरडा येत होता. जानकीने हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

"प्रांजल," ती म्हणाली.

ते नाव अपूर्वाने त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. तरीही ते कानावर पडताच, आपल्यालाच हाक मारली असं वाटून तिने 'ओ' द्यायला तोंड उघडलं.

जानकी सांगत गेली. तिची पहिली मुलगी. पाच वर्षांची होती. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाबांनी महिन्याभरात वाकोल्याची खोली विकली. फोटो गावाला नेऊन ठेवले. नव्या जागेत तिचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. नातेवाइकांनीही ते पाळलं.

"आणि ते टाके?"

"तिचेच."

"गणपतीत हरवले होते, आणि पोलिसाच्या टेबलावर बसून लाडू खाताना सापडले, ते?"

"तीच गो."

"कुत्र्याचं पिल्लू दप्तरात घालून आणलं ते पण?"

जानकीने मान डोलावली.

अपूर्वा स्टुलावर बसली. सतरा वर्षं या घरात ती मुलगी जेवली, भांडली, मॉनिटर झाली. अपूर्वाला लाडू फारसे आवडतही नव्हते. आपल्याला आवडतात असं आईने सांगितलं होतं, म्हणून ती ते खात आली होती.

"मग माझं काय?" ती ओरडलीच. "उद्या फॉर्म जायचाय, आई! वाट लागली ना माझी! मी माझं म्हणून काय लिहू? माझी स्वतःची एक तरी गोष्ट आहे का तुझ्याकडे?"

जानकीने कोलंबीचं ताट बाजूला सारलं.

"एक आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांची होतीस. रोज झोपताना माझं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवायचीस आणि विचारायचीस, 'आई, मी लहान होते तेव्हा काय करायचे?' आणि मी प्रांजलचं सांगायचे. तिच्याबद्दल मला कुणी म्हणजे कुणी विचारत नव्हतं गो. तू एकटीच विचारायचीस."