अकरा मिनिटांची शिटी

सहा हजार हर्ट्झच्या स्वराला बाईंनी बटण दाबलं नाही.

कान तपासणाऱ्या तंत्रज्ञाने आवाज आणखी वाढवला. काचेपलीकडे, बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. अंगठा बटणावर तयार होता. ऐकू आलं की दाबायचं, एवढंच त्यांचं काम. खालचे स्वर त्यांनी पटापट टिपले होते. तीन हजारांपासून अंगठा रेंगाळायला लागला आणि आता तर हलतच नव्हता.

"मशीन बंद पडलं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. चालू आहे."

फॉर्मवरचं नाव वाचताच त्याने बाईंना ओळखलं होतं. ओळख मात्र त्याने दिली नव्हती. या बाईंनी मोडक्या रेडिओंचे भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडून स्वतःची वाद्यं बनवली, त्यांवर चार अल्बम काढले आणि मग थांबल्या. पहिला ओबडधोबड, पण जिवंत. दुसरा सगळ्यांना आवडतो, त्याच्या मते तो साखरेत बुडालेला. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. आणि चौथा, ज्याच्या दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटं, अगदी शेवटपर्यंत, एक बारीक, टोचणारी शिटी वाजत राहते, तो सगळ्यांचा बाप. त्या शिटीवर त्याने चाहत्यांच्या मासिकात तीन लेख लिहिले होते. ती चूक आहे म्हणणाऱ्या जिवलग मित्राशी बोलणं टाकलं होतं.

ती शिटी सहा हजारांच्या आसपासची होती. त्याने ती मोजलेली होती.

बाहेर बाईंचा भाचा येरझाऱ्या घालत होता. आत सोडतानाच तो म्हणाला होता, "कान ठणठणीत आहेत, एवढं लिहून द्या. मावशीचे चारही अल्बम नव्याने निघतायत. तिने स्वतः ऐकून होकार दिला, असं कव्हरवर छापायचंय."

तपासणी संपली. बाई येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. कागदावरची रेघ चार हजारांपाशी खड्ड्यात कोसळली होती आणि आठ हजारांपाशी जराशी वर आली होती. वयाने कान जातात ते असे जात नाहीत.

"गोंगाटात काम केलंय का कधी?"

"बाटल्या भरायच्या कारखान्यात. एकोणिसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत."

चौथा अल्बम त्यानंतरचा. त्याने पेन खाली ठेवलं.

बाईंनी कागद स्वतःकडे फिरवला आणि खड्ड्यावर बोट ठेवलं. "शिटी इथेच आहे ना?"

त्याने मान डोलावली.

"ध्वनिमुद्रणवाला मुलगा विचारतो, शिटी ठेवायची की काढायची. मी म्हटलं, विचार करून सांगते. आता वयामुळे ऐकू येत नसेल, अशी मनाची समजूत घातली होती. तुम्ही खरं सांगा. तेव्हा तरी मला ती ऐकू येत असेल का?"

हो म्हणणं सोपं होतं. भाचाही खूश झाला असता.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या वाद्यातूनच कुठून तरी ती गळत असणार. एखादा सांधा कच्चा राहिला असेल."

बाईंनी मान हलवली. "एकाने त्यावर तीन लेख लिहिले होते. बाईंनी श्रोत्याला मुद्दाम टोचत ठेवलंय, म्हणे. वाचून इतकं बरं वाटायचं. पुढेपुढे मलाच वाटायला लागलं, केलंही असेल मी तसं."

"ते मी लिहिले होते."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, जणू तो आत्ताच आत आला होता.

"मग वाजवून दाखवा," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येईल अशी."

त्याने ओठ ओले केले आणि तोंडानेच ती वाजवली, दोन सप्तकं खाली आणून. मधेमधे थरथरणारी, सुराला जराशी चुकलेली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तुम्ही अकरा मिनिटं ऐकायचात?"

"पहिल्या दिवशी तबकडी परत द्यायला दुकानात गेलो होतो. दुकान बंद होतं. म्हणून घरी येऊन पुन्हा लावली. मग रोजच लावत गेलो."

दार उघडून भाचा आत आला. कागद हातात घेऊन त्याने तो दोनदा वाचला. "हे काय? हे मी कंपनीला दाखवू?"

"मावशींना वरचे स्वर ऐकू येत नाहीत," तंत्रज्ञ म्हणाला. "आजचं नाही, चौथ्या अल्बमच्या आधीपासूनचं आहे."

"तुम्हाला कळतंय का, किती जणांची मेहनत पाण्यात जाईल?"

बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. "थांब जरा. मला यांना विचारू दे." मग तंत्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, "ठेवू की काढू?"

"ठेवा. पण कव्हरवर खरं लिहा. की शिटी चुकून आली आणि तुम्हाला ती ऐकूच आली नाही."

"आणि तुमचे तीन लेख?"

"ते खोटे पडतील."

त्याने कागदावर सही केली. बाईंनी घडी घालून तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि त्या उठल्या.

"मावशी, असं छापलं तर लोक हसतील," भाचा म्हणाला.

"हसू देत," बाई म्हणाल्या. "तेवढं मला ऐकू येतं."