उतरलेला रंग

सहलीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला की सगळंच फिकं दिसायचं, बायकोचा चेहरा तर पांढराफटक. "आपल्या जुन्या प्लेअरला एचडीआरचे गडद रंग झेपत नाहीत," म्हणत नवऱ्याने सेटिंगशी झटापट केली, केबल बदलली. तरी जिवाला चैन पडेना, तेव्हा तो नवा प्लेअरच घेऊन आला.

"अहो, आधी चहा तरी घ्या."

"थांब गं, आता बघ!"

समुद्र निळाशार झाला, लेकीचा फ्रॉक लालभडक. लाटा चारी बाजूंच्या स्पीकरमधून अंगावर आल्या. बायकोचा चेहरा मात्र पांढराच राहिला. रिमोटची बटणं दाबता दाबता तो थबकला आणि शेजारी बसलेल्या तिच्याकडे वळला.

"अगं, तुला बरं नाहीये का?"

"सहलीच्या आधीच सांगितलं होतं की तुम्हाला," ती म्हणाली.