सारथीतला तेजोमेघ

"अजून वीस तासांचे फोटो हवेत," विद्याधर म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात होतील. मग याची कड नीट दिसेल."

वेदिका पडद्याकडे बघत राहिली. सारथी तारकासमूहातल्या दाट ताऱ्यांमागे एक फिकट निळसर डाग होता, धुरासारखा. दीड वर्षापूर्वी तो पहिल्यांदा विद्याधरांच्या मुलाला, क्षितिजला, दिसला. कुठल्याच यादीत नसलेला तेजोमेघ. त्याने एक्केचाळीस तासांचे फोटो जमवले. मग एका पहाटे शहराबाहेर, देवनहळ्ळीपलीकडच्या अंधाऱ्या शेतावरून फोटो काढून परतताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. वेदिकाशी त्याचं लग्न ठरलं होतं.

क्षितिजची आई आधीच गेलेली. आता घरात विद्याधर एकटेच उरले. त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. तेराव्यानंतर एक दिवस त्यांनी मुलाची दुर्बीण बाहेर काढली आणि वेदिकाला फोन केला, "मला शिकवशील?" विमानांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते, पण आकाशातलं त्यांना काही कळत नव्हतं. हिवाळाभर ते त्याच शेतावर जाऊन फोटो काढत. शनिवारी दुपारी वेदिका शहराच्या दुसऱ्या भागातून, एचएसआरहून, बनशंकरीला त्यांच्या घरी येई. क्षितिजच्या खोलीत बसून दोघं ते फोटो एकावर एक रचत. डाग ठळक होत गेला. तिच्यासाठी म्हणून विद्याधर उप्पीट करायला शिकले, आणि तिच्याबरोबर दोन घास खायलाही लागले.

"काका, मी गुरुवारी पुण्याला चाललेय. तिकडेच नोकरी घेतलीय."

"सरी, बरं," विद्याधर म्हणाले. बराच वेळ माउस हलवत राहिले.

"आणि एक सांगायचं राहिलंय." वेदिकाने पडद्यावरच्या डागावर बोट ठेवलं. "हा तेजोमेघ नाहीये. शेजारी ब्रह्महृदय हा ठळक तारा आहे ना, त्याचा उजेड कॅमेऱ्याच्या काचांमध्ये उलटसुलट फिरून हा डाग पडतो. दुसऱ्यांच्या फोटोंत त्या जागी काहीच नाही. क्षितिजची चूक झाली होती. मला डिसेंबरमध्येच कळलं. पण तुम्ही नुकते कुठे जेवायला लागला होतात. माझ्याने सांगवलं नाही."

विद्याधरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या.

"जानेवारीत मी कॅमेरा उलटा फिरवून लावला होता," ते म्हणाले. "खरा तेजोमेघ ताऱ्यांजवळच राहिला असता. हा कॅमेऱ्याबरोबर फिरला."

वेदिकाने मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग एवढे महिने फोटो कशाला काढत राहिलात, काका?"

विद्याधरांनी चष्मा घातलाच नाही.

"इथे काहीच नाही असं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू कशासाठी आली असतीस, पोरी?"