झोताच्या काठावर

"एकोणतीस!" टीव्हीवरचा सिग्नलचा आकडा वाचत गाडीच्या खिडकीतून लुएला ओरडली. "जरा डावीकडे घे. माझ्या नाही रे, तुझ्या डावीकडे!"

आर्विनने डिश केसभर सरकवली. वायोमिंगमधल्या त्या ट्रकथांब्यावर वर आभाळ निरभ्र होतं, पण खाली वारा पडलेला बर्फ नुसता उधळत होता. डिशची तिपाई दोनदा आडवी झाली. पाण्याचा कॅन बांधून पाहिला, तोही कलंडला. शेवटी सत्तरी ओलांडलेला हा गडी स्वतःच गुडघे टेकून डिशला मागून मिठी मारून बसला. पुढचा हमरस्ता बर्फामुळे फाटक लावून बंद केला होता. नॉर्थ डकोटातलं घर अजून तीनशे मैल लांब, आणि संध्याकाळच्या बातम्यांना जेमतेम वीस मिनिटं.

बातम्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. बातम्यांनंतर हवामान होतं, आणि घरच्या वाहिनीवर ते आज पहिल्यांदा सांगणार होती त्यांची नात, मरीट.

हिवाळ्यात राहती गाडी घेऊन ॲरिझोनाच्या उन्हाला जाणारे सगळे जे करतात तेच आर्विन करायचा. डिशच्या कंपनीला फोन करून पत्ता बदलला की तिथल्या स्थानिक वाहिन्या दिसू लागतात. मग परवा त्याने उलटा फोन केला. चर्चमध्ये तीस वर्षं दानाचं ताट फिरवलेला माणूस, पण फोनवरच्या पोरीला बेधडक म्हणाला, "हो, घरी परतलोय." तिने तत्परतेने घरच्या वाहिन्या सुरू करून दिल्या. पडदा मात्र काळा तो काळाच.

ॲरिझोनातल्या तळावरचा, शेजारच्या गाडीतला म्हातारा पोट धरधरून हसला. "अरे शहाण्या, तुमच्या वाहिन्यांचा झोत उपग्रहावरून फक्त तुमच्याच मुलखावर पडतो. पत्ता हलतो, झोत थोडाच हलतो?"

मग काय, मारलेली थाप खरी करायला नवराबायको गाडी घेऊन घराकडे निघाली. निघताना रागावलेला आर्विन वाटेत मात्र निवळत गेला. बावीस हजार मैलांवरून कुणी कंदील धरावा आणि त्याचा उजेड नेमका आपल्याच अंगणात पडावा, हे त्याला राहूनराहून नवल वाटत होतं. त्या उजेडाची कड इथवर येते की नाही, एवढाच आता प्रश्न होता.

"एकतीस... चौतीस! आलं! आर्विन, आलं! आता हलू नकोस, श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

त्याला पडदा दिसत नव्हता. किलकिल्या खिडकीतून ऐकू तेवढं येत होतं. आधी गावाकडच्या टायरवाल्याची जाहिरात लागली. घरी तो तिचा आवाज बंद करायचा. आज त्याने ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली.

मग बातम्या झाल्या, आणि मरीट बोलू लागली.

ही पोर लहानपणी जेवणाच्या टेबलावर लोणी मागायची तर शब्द अडकून लालबुंद व्हायची. शब्द फुटेपर्यंत दुसरंच कुणीतरी लोणी पुढे सरकवायचं. टीव्हीत काम करणार म्हणाली तेव्हा आर्विन बोलून गेला होता, "पोरी, तिथे नुसतं लिहायचं काही काम नसतं का?" त्या गोष्टीला चार वर्षं झाली, पण ते वाक्य अजून त्याच्याच घशात अडकून होतं.

आता तिचा आवाज सरळ, स्वच्छ येत होता. वादळ कुठून येतंय, कुठे थांबेल. मग एकेका गावाचं तापमान. "डिकिन्सन, उणे सहा. हेटिंगर, उणे नऊ. मॉट, उणे आठ."

आणि आवाज बंद.

आर्विनने डिश आणखी घट्ट धरली. "गेलं का? माझा हात हलला का गं?"

"नाही." लुएलाचा आवाज अगदी खाली आला. "चित्र स्वच्छ आहे. तिच्यामागे ढग सरकताहेत. तीच थांबलीये. पुढे आपलं नाव आहे, आर्विन. बर्डेल."

दोनशे माणसांचं गाव. वाहिनीच्या यादीत ते कधीच नसायचं. आज ते तिनेच घातलं असणार, आणि 'ब' तर जन्मापासून तिचा वैरी.

"वगळ, बाळा," डिशच्या पत्र्याला गाल टेकवून आर्विन पुटपुटला. "कोण विचारतंय बर्डेलला? वगळ आणि पुढे हो."

"ब..." खिडकीतून आलं. "ब..."

पुन्हा शांतता. कुणी तिच्यापुढे शब्द सरकवायला नव्हतं.

"हसतेय रे ती," लुएला म्हणाली. "समोर बघून शांतपणे हसतेय. काही घाई नाही तिला."

"बर्डेल," मरीट म्हणाली. "उणे अकरा." आणि पुढच्या गावाकडे वळली.

त्यानंतर वाऱ्याचा असा तडाखा आला की आर्विन डिशसकट कुशीवर पडला. पडद्यावर आधी चौकटी-चौकटी झाल्या, मग काहीच उरलं नाही. लुएला घोंगडी घेऊन धावत आली. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता आणि तो आडव्याचा आडवा वर बघत होता. वर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"लागलं का कुठे?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलेलं असूनही, जणू तिला अजून कळलंच नसावं, अशा सुरात तो म्हणाला,

"लुएला, आपल्या गावाला उणे अकरा आहे."