दारातली बॅग

विंगेत वॉल्टर हातातली बॅग सारखी खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता. हॉलिवूडमध्ये आयुष्य घालवून तो न्यूयॉर्कच्या या जुन्या रंगमंचावर परतला होता. आज जमलं नाही, तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

"देवाचं नाव घे. आणि ती बॅग मी दाराबाहेर फेकेन, तेव्हा हसू नकोस म्हणजे झालं," एडिथ म्हणाली. नाटकात ती त्याची बायको होती. तरुणपणी दोघं इथंच जोडीनं कामं करायचे. तिला न सांगताच तो सिनेमाकडे गेला होता.

पडदा उघडला. घर सोडून गेलेला नवरा दारात आला आणि पहिलंच वाक्य विसरला. सिनेमातल्या सवयीनं तो थांबला, 'कट' ऐकू येईल म्हणून. पण इथं 'कट' म्हणणारं कुणी नव्हतं.

"इतक्या वर्षांनी आलास," एडिथ म्हणाली. "बोलशील तरी काही?"

हे नाटकात नव्हतं.

"सगळं ठरवून आलो होतो गं," वॉल्टर म्हणाला. "तुला पाहिलं आणि काही आठवेना."

एडिथनं त्याच्या हातातून बॅग घेतली. क्षणभर दाराकडे पाहिलं, आणि ती आत नेऊन ठेवली.