मुठींची उंची

लामयायच्या वडिलांच्या मृत्यूनंतर शंभराव्या दिवसाचं दान भिक्खूंना देऊन झालं, तसे खाममिस्त्री त्यांचा जुना, मुठी धरून मागून चालत हाकायचा पॉवर टिलर विकत न्यायला अंगणात आले.

"सगळा तारा अन् ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलाय गं, लामयाय," ते हसले. "आणि या मुठी बघ! सायकलचा पाईप जोडून वीतभर खाली घेतल्यात. एवढा ताडमाड माणूस, बारा वर्षं कमरेत वाकून नांगरत राहिला. आम्ही किती चिडवायचो! वर करून देतो म्हटलं, तर हात लावू देईना."

पुढच्या भातलावणीला येते, असं सांगून लामयाय बारा वर्षांपूर्वी बँकॉकला गेली होती.

तिनं मुठी धरून पाहिल्या. तिला जरासुद्धा वाकावं लागलं नाही.